पत्ता बरोबर आहे खरं लागंना

उद्यमबागमधल्या एखाद्या फाउंड्रीच्या ऑफिसात टॅलीचा कॉम्प्युटर आणि हिशेब बघणारा मुलगा पुण्यात नोकरीला, हे चित्र बेळगाव-निपाणी पट्ट्यात आता नवं नाही. पुण्यात बसून तो कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून सुट्टीला आला की तो त्याचा आयपी पत्ता लिहून घेतो, १९२.१६८.१.५ असा काहीतरी. तिथल्याच वायफायवर लॅपटॉपवरून जोडून बघतो, झकास चालतं. पुण्याला पोचल्यावर तोच पत्ता टाकतो आणि मग ऑफिसात फोन येतो, "पत्ता बरोबर घातलोय खरं लागंना!" खापर अर्थातच इंटरनेटवाल्याच्या डोक्यावर फुटतं.

त्याचा यात काही दोष नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते म्हणजे ऑफिसातल्या इंटरकॉमचे नंबर. १२ दाबलं की स्टोअर लागतं, पण आपल्याच इमारतीत. पुण्यातल्या खोलीवरही १९२.१६८.१.५ असू शकतो, आणि तो कदाचित रूम पार्टनरच्या मोबाइलचा असेल. अशी काटकसर करावी लागली, कारण आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून अख्ख्या ऑफिसाला बाहेरचा पत्ता एकच, आणि तो राउटरकडे.

नेटवर्कवर मजकूर छोट्या तुकड्यांत जातो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता राउटर बदलतो, तिथे स्वतःचा घालतो आणि कोणाचं पॅकेट कोणत्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या खिडकीचा नंबर) कुठे गेलं ते एका तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर आलं की तक्ता बघून आतल्या यंत्राकडे देतो. नोंदच नसेल तर आलेलं पॅकेट मुकाट्याने टाकून देतो. आता अडचण बघा. पुण्यातला लॅपटॉप राउटरमागे, बेळगावचा कॉम्प्युटरही राउटरमागे. आधी बोलावं कुणी? जो बोलेल त्याचं पॅकेट समोरच्या दारात मरणार. मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर या लांबचा कॉम्प्युटर चालवायच्या अॅप्समध्ये नुसता आयडी टाकला की तिकडचा पडदा दिसतो तो कसा?

इथली युक्ती मला फार आवडते. दोन्हीकडची अॅप्स सुरू झाल्या झाल्या मधल्या एका सर्व्हरशी बोलतात. हे बोलणं आतून सुरू झालेलं, त्यामुळे त्याला आडकाठी नाही. सर्व्हरला दिसतो तो राउटरने घातलेला बाहेरचा पत्ता आणि पोर्ट. समजा बेळगावचा पोर्ट ४११२०, पुण्याचा ५३००७. सर्व्हर एकाची माहिती दुसऱ्याला देतो आणि दोघंही एकमेकांवर पॅकेटं सोडायला लागतात. बेळगावचं पहिलं पॅकेट पुण्याच्या राउटरवर फुकट जाऊ शकतं, जाऊ दे. घरातून निघताना त्याने बेळगावच्या राउटरच्या तक्त्यात नोंद करून ठेवलेली असते, की ४११२० वरून पुण्याच्या ५३००७ ला काहीतरी गेलंय. त्यामुळे पुण्याहून येणारं पॅकेट बेळगावच्या राउटरला आगंतुक वाटत नाही, उत्तर वाटतं. पुण्याच्या राउटरचीही तशीच समजूत होते. दोघांनाही वाटतं की सुरुवात आपण केली होती! याला होल पंचिंग म्हणतात. नोंदी काही सेकंदांत किंवा मिनिटांत पुसल्या जातात, म्हणून काम नसतानाही अॅप अधूनमधून एखादं रिकामं पॅकेट सोडत राहतं.

काही राउटर मात्र प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवा पोर्ट काढतात. सर्व्हरशी बोलताना ४११२०, पुण्याशी बोलताना ४११९७. मग सर्व्हरने सांगितलेला पोर्ट निरुपयोगी. त्यातच इंटरनेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या शंभर घरांच्या राउटरांवर आणखी एक मोठा राउटर बसवतात, म्हणजे तक्ते दोन. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसत असेल तर तुम्ही त्यातले, आणि यूट्यूबवर बघून केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमध्ये एक पोर्ट कायमचा आतल्या यंत्राकडे वळवणं, तुमच्या काहीच कामाचं नाही. अशा वेळी सगळा मजकूर मधल्या सर्व्हरमार्फत वळवला जातो. चालतं, पण माउस रेंगाळतो.

पडदा पाठवायची गोष्ट थोडक्यात. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला ३० चित्रं धाडायची तर घरचं कनेक्शन आडवं पडेल. म्हणून बदललेला तुकडा तेवढाच दाबून पाठवतात. टॅलीत आकडा टाइप केला की एक चौकटच जाते, म्हणून ते हलकं वाटतं आणि व्हिडिओ लावला की सगळं अडखळतं.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरायचं तर ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीत ती सोय नाही. आणि त्यासाठी ३३८९ हा पोर्ट राउटरमधून जगाला उघडून देऊ नका. उघडे पोर्ट शोधत हिंडणारे प्रोग्राम चोवीस तास दार ठोठावत असतात. खंडेनवमीला मशीनबरोबर कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ पडते, पडू दे, पण पासवर्ड 'अॅडमिन१२३' असेल तर माळेने काही अडत नाही. दुसरीकडे, "नुसता मोबाइल नंबर कळला की तुमचा पडदा दिसतो" असले मेसेज फिरतात. प्रत्यक्षात फसवणाऱ्याला तो आयडी आणि परवानगी तुमच्याकडूनच लागते. बँकेतून बोलतोय म्हणत ती काढून घेतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं.

एवढं सगळं जमलं तरी खानापूरकडे पावसात लाईट गेली की कॉम्प्युटर बंद. बंद यंत्राला नेटवर्कवरून उठवणारं १०२ बाइटांचं पॅकेट असतं, पण ते साधारणपणे घरातल्या घरातच फिरतं, पुण्याहून पोचत नाही. त्यापेक्षा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर जाऊन 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय शोधा आणि 'पॉवर ऑन' करून ठेवा. म्हणजे लाईट आली की तो आपोआप सुरू होतो. स्लीप बंद करायला विसरू नका, आणि राउटरलाही छोटा यूपीएस लावा.