२०० मिलिसेकंदांची फट

जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, की सगळं अंग हबकतं. पाय धडधाकट असतात, चुकतो तो मेंदूचा अंदाज. हालचालीची खबर मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून तो तिची वाट न बघता पुढचं आधीच गृहीत धरतो. हे काम मुख्यतः डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचं. आपल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज एवढ्याशा जागेत दाटलेल्या आहेत! काही मुलांचं हे गणित सतत बिनसतं. बुटाची नाडी, शर्टाची बटणं, चेंडू झेलणं, सगळंच जड जातं. शाळकरी वयात साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हा त्रास असतो. त्यांना ‘वेंधळा’ म्हणून हिणवणं सर्रास चालतं. खरं तर बुद्धी कमी असण्याशी याचा संबंध नाही.

बोलण्यातला अंदाज याहून नाजूक. २००९ मध्ये १० भाषांमधल्या संभाषणांची तुलना झाली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात बहुतेक वेळा २०० मिलिसेकंदांहूनही कमी फट होती. गंमत म्हणजे, चित्रातली वस्तू पाहून तिचं नुसतं नाव घ्यायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपलं उत्तर शिजत असतं. व्हिडिओ कॉलवर आवाज जरासा उशिरा पोचला, की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, मग ‘बोला, बोला’. यात स्वभावाला दोष कशाला द्यायचा?

चारचौघांत कानकोंडं होणं मात्र मला निराळं वाटतं. तिथे अंदाज दोघांचे असतात, आणि ते एकमेकांवर बसत नाहीत. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात, तेव्हा अवघडलेपण नेमकं कुणाचं? पण प्रत्येकाला ते आपलंच वाटतं, तेही अवाच्या सवा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात आला होता. ज्यांच्या लक्षात येतं, तेही फारसे कठोर नसतात. काही गफलत झाल्यावर ज्याचा चेहरा लाल होतो, त्याच्याबद्दल निर्विकार राहणाऱ्यापेक्षा लोकांचं मत बरं होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.