गॅलिलिओच्या खटल्यामागचा बिनसहीचा कागद

गॅलिलिओवरचा खटला १६३३ चा. त्याचा कायदेशीर डोलारा मात्र त्याआधी सतरा वर्षे लिहिलेल्या एका टिपणावर उभा होता, आणि त्या टिपणावर ना गॅलिलिओची सही होती, ना आदेश देणाऱ्याची, ना साक्षीदारांची.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारे कोपर्निकसचे पुस्तक १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापले गेले आणि पुढे सत्तरएक वर्षे रोमने त्यावर बंदी घातली नाही. गणित्यांनी ते ग्रहांची स्थाने काढायला बिनदिक्कत वापरले. दरम्यान दोन गोष्टी घडल्या. १५४२ मध्ये रोममध्ये धर्मन्यायालयाची (इन्क्विझिशनची) नवी घडी बसवली गेली आणि १५४६ च्या धर्मपरिषदेने ठरवले की, श्रद्धा व आचाराच्या बाबतीत चर्चच्या पूर्वाचार्यांच्या एकमताविरुद्ध बायबलचा अर्थ कोणी लावू नये. (आपल्याला इन्क्विझिशन म्हटले की गोवा आठवतो. १५६० पासूनचे ते न्यायालय पोर्तुगीज राजसत्तेच्या छत्राखालचे, रोमचे वेगळे.)

ठिणगी पडली ती दुर्बिणीने नव्हे, एका पत्राने. १६१० मध्ये व्हेनिसला छापलेल्या, दुर्बिणीतल्या निरीक्षणांवरच्या लॅटिन पुस्तिकेच्या ५५० प्रतींनी गॅलिलिओला युरोपभर नाव मिळवून दिले. १६१३ चे सूर्यडागांवरचे पुस्तक त्याने मुद्दाम इटालियनमध्ये लिहिले आणि वाद विद्यापीठांच्या भिंतीबाहेर आला. त्याच डिसेंबरात पिसाला गणित शिकवणाऱ्या आपल्या शिष्याला त्याने लिहिले की, धर्मग्रंथाची भाषा सामान्यांना समजावी अशी असते, म्हणून निसर्गाविषयीचा निवाडा निरीक्षणाने व्हावा. पत्राच्या हस्तलिखित प्रती फिरल्या. १६१५ च्या फेब्रुवारीत फ्लोरेन्सच्या एका डॉमिनिकन साधूने एक प्रत रोमला धाडली. विरोधकांनी आपल्या मजकुरात फेरफार केला असावा, असा गॅलिलिओचा सूर होता. २०१८ मध्ये मूळ पत्र लंडनच्या एका ग्रंथसंग्रहात सापडले, तेव्हा कळले की जहाल शब्द त्याचेच होते. सौम्य शब्दही नंतर त्यानेच घातले होते.

आता १६१६. २४ फेब्रुवारीला धर्मन्यायालयाच्या सल्लागारांनी मत दिले: सूर्य स्थिर आहे हे विधान तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मूर्खपणाचे आणि उघड पाखंडी, पृथ्वी फिरते हे निदान श्रद्धेच्या दृष्टीने चुकीचे. दुसऱ्या दिवशी पोपचा हुकूम झाला. त्यात पायऱ्या होत्या. कार्डिनल बेलार्मिनने गॅलिलिओला बोलावून हे मत सोडण्याची समज द्यावी. त्याने नकार दिला तरच न्यायालयाच्या आयुक्ताने नोटरी व साक्षीदारांसमोर रीतसर मनाई करावी. तरीही ऐकले नाही तर कैद.

२६ फेब्रुवारीला बेलार्मिनच्या निवासस्थानी काय झाले, हा खरा तिढा. दप्तरातले टिपण सांगते की, समज दिल्यावर आयुक्ताने लगोलग आदेश दिला: हे मत कोणत्याही प्रकारे, तोंडी वा लेखी, बाळगू नये, शिकवू नये, समर्थू नये. गॅलिलिओने नकार दिला होता का? टिपण त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मग पहिली पायरी संपण्याआधीच दुसरी कशी चढली गेली? आठवड्याभराने बेलार्मिनने बैठकीत कळवले की गॅलिलिओने समज मान्य केली, आणि त्याने शपथेवर मत सोडले अशी अफवा उठल्यावर २६ मे रोजी त्याला स्वतःच्या सहीने दाखला दिला: शपथ नाही, प्रायश्चित्त नाही, फक्त या मताचे समर्थन करता येत नाही किंवा ते बाळगता येत नाही, एवढे सांगितले आहे. ‘शिकवू नये’ नाही, ‘कोणत्याही प्रकारे’ नाही. सहीचा कागद एक सांगतो, बिनसहीचा दुसरे. माझ्या मते सहीच्या कागदाचे वजन जास्त धरायला हवे होते.

५ मार्चचा जाहीर हुकूमही असाच अर्धामुर्धा. त्यात पाखंड हा शब्दच नाही. कोपर्निकसचे पुस्तक कायमचे बंद न करता ‘दुरुस्त होईपर्यंत’ स्थगित झाले. १६२० मध्ये दुरुस्त्या जाहीर झाल्या: जिथे पृथ्वीची गती सत्य म्हणून मांडली होती, तिथे ती गृहीतक म्हणून मांडायची. इटलीतल्या बहुतेक मालकांनी आपल्या प्रतींवर शाई फिरवली, इटलीबाहेर फारसे कोणी मनावर घेतले नाही. स्पेनच्या बंदी-यादीत तर ते पुस्तक कधी आलेच नाही.

पुढचे ठाऊक आहे. बेलार्मिन १६२१ मध्ये वारला, १६२३ मध्ये गॅलिलिओचा चाहता पोप झाला, रीतसर परवाना घेऊन १६३२ मध्ये फ्लोरेन्सला कोपर्निकसच्या मताची चर्चा करणारे गॅलिलिओचे संवादरूपी पुस्तक निघाले. मग दप्तर चाळताना ते टिपण हाती लागले आणि ‘ही मनाई तू परवाना घेताना लपवलीस’ हा आरोप उभा राहिला. १२ एप्रिल १६३३ च्या जबानीत गॅलिलिओने दाखल्याची नक्कल पुढे केली आणि ते जादा शब्द आठवत नसल्याचे सांगितले. त्याला दोषी ठरवणाऱ्या निकालपत्रावर दहापैकी सात कार्डिनलांच्या सह्या आहेत. शेवटचे मोठे पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडच्या लायडनला छापावे लागले.

बंदी उठवायलाही रोमने तेवढाच घोळ घातला. १७५८ मध्ये पृथ्वीच्या गतीवरच्या पुस्तकांवरची सरसकट बंदी यादीतून गाळली, पण कोपर्निकस आणि गॅलिलिओ तिथेच राहिले. ती नावे १८३५ च्या यादीतून गेली. नेपोलियनने खटल्याची कागदपत्रे पॅरिसला नेली होती, ती १८४३ मध्ये परतली. ती अभ्यासकांना पाहायला मिळू लागल्यावर १८७० च्या सुमारास एका जर्मन संशोधकाने टिपण बनावट असल्याची शंका घेतली. कागद आणि अक्षर तपासल्यावर ते त्याच काळातले ठरले. बनावटीचा प्रश्न मिटला, पण आयुक्ताने तो आदेश कोणत्या अधिकाराने दिला, यावर आजही दोन तट आहेत.

१९८१ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाचे काम १९९२ मध्ये पोपच्या भाषणाने संपले. त्यात दोष ‘त्या काळच्या धर्मशास्त्रज्ञांवर’ आणि परस्परांच्या दुर्दैवी गैरसमजावर टाकला गेला. व्हॅटिकनच्याच वेधशाळेच्या तत्कालीन प्रमुखाने नंतर लिहून दाखवून दिले की, त्या भाषणात धर्मन्यायालयाचा उल्लेख नाही, बंदी-यादी करणाऱ्या मंडळाचा नाही आणि १६१६ च्या आदेशाचाही नाही.