डिझेल खाणारे जीवाणू आणि आपली काळी माती

महामार्गावर टँकर उलटला की दोन दिवस गर्दी राहते. मग टँकर उचलला जातो, रस्ता सुरू होतो आणि सांडलेलं डिझेल शेजारच्या वावरात मुरून जातं. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानामागे, ओलिताच्या इंजिनाखाली हेच थोडंथोडं वर्षानुवर्षं चालू असतं. तिथे बी उगवत नाही, उगवलं तर पिवळं पडतं, आणि ‘जमीन गेली’ म्हणून कास्तकार तो तुकडा पडीक टाकतो. एवढ्या लवकर त्या जमिनीची आशा सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या, बऱ्याचशा १० ते २० कार्बनच्या. त्या खाऊन जगणारे जीवाणू जवळपास प्रत्येक मातीत आधीपासूनच असतात: स्युडोमोनास, ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर. झाडांच्या पानांवरच्या मेणातही अशाच साखळ्या असतात, त्यामुळे हे खाणं त्यांना नवं नाही. तेल सांडलं की त्यांची संख्या झपाट्यानं वाढते.

तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून यांतले काही जीवाणू साबणासारखा पदार्थ सोडून त्याचे बारीक थेंब करतात. मग त्यांचं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू साखळीच्या टोकाला जोडतं. साखळीचं आधी अल्कोहोल होतं, पुढे स्निग्धाम्ल (फॅटी ॲसिड). तिथून पुढची वाट आपलं शरीर शेंगदाण्याचं तेल पचवतं तीच: दर खेपेला दोन-दोन कार्बन तुटत जातात. शेवटी उरतं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जीवाणूंची नवी पिढी.

मात्र सगळी सुरुवात ऑक्सिजनवर अडते. १०० लिटर डिझेल, म्हणजे साधारण ८३ किलो, पूर्ण पचवायला पावणेतीनशे किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. त्यासाठी मातीत सुमारे हजार घनमीटर हवा खेळायला हवी. आपली काळी कसदार जमीन इथेच आडवी येते. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात फुगते, छिद्रं बुजतात, हवा आत जात नाही. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात आणि त्याच वाटेनं तेल सरळ मुरमापर्यंत उतरतं. म्हणून नुसती नांगरणी करून भागत नाही.

तेलकट माती खणून जाड ताडपत्रीवर तिचा ढीग लावतात. ती भुसभुशीत राहावी म्हणून सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, पूर्व विदर्भात धानाचा कोंडा मिसळता येतो. ढिगात छिद्रं पाडलेले पाइप घालून ब्लोअरनं हवा खेळवतात. थोडी माती असेल तर ती पातळ पसरून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी उलथली तरी चालतं.

दुसरी गरज खताची. कार्बन, नायट्रोजन आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचं प्रमाण १००:१०:१ धरतात. त्या हिशेबानं १०० लिटर डिझेलला १५-१६ किलो युरिया आणि दहा किलो सुपर फॉस्फेट पुरतं. हे सगळं एकदम ओतलं तर क्षारांनी आणि अमोनियानं जीवाणूच मरतील, म्हणून हप्त्याहप्त्यानं द्यावं. ओल वाफशाइतकी हवी, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही. आपल्याकडे पावसाळा सरल्यापासून फाल्गुनापर्यंतचा काळ सोयीचा. मे महिन्यात ढीग वाळून जातो, जुलैत झाकला नाही तर चिखल होतो.

बाटलीतले जीवाणू विकत घ्यावेत का? शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जीवाणू प्रयोगशाळेत घडवला आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या पेटंटचा हक्क जिंकला. पण १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल पसरलं, तेव्हा कामी आलं ते खत. ते टाकल्यावर तिथल्याच जीवाणूंनी वेग घेतला. भारतात टेरी या संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ हे मिश्रण तेल कंपन्यांच्या तेलकट गाळावर वापरलं गेलं आहे, आणि तशा जड गाळाला बाहेरचे जीवाणू उपयोगी पडतात. वावरातल्या ताज्या डिझेलसाठी मी आधी हवा आणि खत यांवरच खर्च करीन.

खरी काळजी विहिरीची. सांडलेलं तेल पेट्रोल असेल तर त्यातलं बेंझीन हे विषारी रसायन पाण्यात विरघळतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. पाण्यात ऑक्सिजन लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो, तो पाहता पाहता संपतो. त्यानंतर दुसरे जीवाणू नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्या आधारानं काम पुढे नेतात, पण फार सावकाश. अमेरिकेत बेमिजी इथे १९७९ मध्ये फुटलेल्या पाइपलाइनचं तेल कित्येक दशकांनंतरही जमिनीखाली होतं. तिथली जमीन वाळूची. आपल्याकडे बेसाल्ट या काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी कुठे वळेल याचा अंदाज बांधणं आणखी कठीण. म्हणून पाण्याला वास आला की आधी पिणं थांबवावं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावं. टँकरवाल्याकडून खर्च मागायलाही तो कागद लागतो.

इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलमधले धातू जीवाणूंना संपवता येत नाहीत, आणि डांबरासारखा जड भाग बराचसा मागे राहतो. हलकं डिझेल मात्र काही महिन्यांत पुष्कळ कमी होतं. ते किती उरलं हे प्रयोगशाळाच सांगू शकते, वास गेला म्हणजे काम झालं असं नाही. अहवाल चांगला आला तरी ती माती वावरात पसरण्याआधी कुंडीत मूग पेरून पाहावा, आणि विहिरीचं पाणी पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तपासून घ्यावं, कारण पाण्याची पातळी वर आली की मुरमात अडकलेलं तेल पुन्हा सुटतं.