चंद्र 'फोर टाइम्स स्मॉलर' म्हणजे नेमका केवढा?

चंद्रावरच्या इंग्रजी मजकुरात 'फोर टाइम्स स्मॉलर दॅन द अर्थ' हे शब्द हमखास भेटतात. म्हणायचंय काय ते कळतं. पण शब्दाला शब्द धरून हिशेब मांडून बघा. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. त्याची चौपट ५०,९६८. एवढी वजाबाकी केली तर चंद्राचा व्यास उणे अडतीस हजारांवर जातो! प्रत्यक्षात तो ३,४७४ किलोमीटर आहे, पृथ्वीच्या पावपटीहून जरासा जास्त.

इंग्रज माणूस असं फार पूर्वीपासून बोलत आलाय, तेव्हा मी याला सरसकट चूक म्हणणार नाही. गप्पांत चालतं. प्रयोगाच्या अहवालात मात्र 'अबाउट अ क्वार्टर ॲज वाइड' लिहावं. त्यातला 'वाइड' महत्त्वाचा, कारण नुसतं 'स्मॉलर' म्हटलं की कशाने लहान हा प्रश्न उरतोच. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या साधारण पाव, पण घनफळ सुमारे पन्नासावा हिस्सा, वस्तुमान एक्याऐंशीवा आणि पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण सहावा.

'थ्री टाइम्स मोअर'चं दुखणं वेगळं. मूळ १० ग्रॅम असतील तर कुणी ३० समजतो, कुणी मूळ १० वर आणखी ३० घालून ४०. 'थ्री टाइम्स ॲज मच' लिहिलं की ३० च. मराठीतही 'तिप्पट झालं' आणि 'तिपटीने वाढलं' यांत हाच घोळ आहे, फक्त आपण तिकडे काणाडोळा करतो. टक्क्यांत तर आणखी गंमत: '२०० पर्सेंट मोअर' म्हणजे दुप्पट नव्हे, तिप्पट.

कधी व्याकरण चोख असतं आणि विज्ञान घसरतं. काल १० अंश सेल्सिअस होतं, आज २०. म्हणून आज 'ट्वाइस ॲज हॉट'? हीच तापमानं फॅरनहाइटमध्ये ५० आणि ६८ होतात. दुप्पट कुठे गेली? सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, उष्णतेचा अभाव नव्हे. खऱ्या शून्यापासून, केल्विनमध्ये मोजलं तर २८३ वरून २९३, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के वाढ. इथे 'टेन डिग्रीज वॉर्मर' एवढंच लिहावं.

आणि 'हाफ ॲज मच अगेन' वाचून निम्मं समजू नका. ते आपलं दीडपट आहे. सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द इंग्रजीकडे नाहीत, म्हणून बिचारीला एवढा वळसा घालावा लागतो.