दारव्हा ते यवतमाळ, व्हाया मुंबई

दारव्ह्यातल्या एका मित्राचं जिनिंग आहे. सीझनमध्ये आवारात कापसाच्या गंज्या लागल्या की आगीच्या नि चोरीच्या धाकानं त्याला झोप येत नाही. मागच्या वर्षी त्यानं आठ कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवून घेतला. राहतो यवतमाळला, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर आवार दिसावं, एवढीच त्याची मागणी. पण ते काही दिसेना. तिथल्या नेटवाल्यानं दोन वाक्यांत विषय संपवला : "भाऊ, पब्लिक आयपी नाही भेटत आपल्याकडे. पाहिजेच असन तर वरून मागवा लागते, त्याचे पैसे अलग." पब्लिक आयपी म्हणजे इंटरनेटवर बाहेरून थेट गाठता येईल असा स्वतःचा पत्ता.

हे खरं आहे का ते बघायला मी जिनिंगच्या कॉम्प्युटरवरून यवतमाळच्या घरच्या कनेक्शनकडे ट्रेसरूट चालवला. डेटा वाटेत कोणकोणत्या राउटरला शिवून जातो, त्याची यादी त्यात दिसते. दारव्हा-यवतमाळ अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं. यादीत मात्र मुंबईची खूण दोनदा आली. म्हणजे पाचशेहून जास्त किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, आणि मग शेजारच्या गावात शिरायचं.

पत्ता का मिळत नाही आणि वाट अशी वाकडी का, या दोन्हींची उत्तरं बरीच मागे जातात.

पत्त्यांचं आधी. आपल्याला पत्ता म्हटलं की पिनकोड आठवतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं, जे संस्कृत कवीही होते, ही पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ला ती सुरू झाली. तिच्यात जमीन दिसते : ४४ म्हणजे विदर्भ, ४४५ म्हणजे यवतमाळकडचा भाग. इंटरनेटच्या पत्त्यात अशी जमीन नसते. तो आकडा कुणाच्या नावावर आहे एवढंच कळतं. कंपनीचं ऑफिस मुंबईत असेल, तर दारव्ह्यात बसलेल्या माणसालाही वेबसाइट मुंबईचं हवामान दाखवते. बाहेर ऊन तापलेलं असताना "आज पावसाची शक्यता" वाचायला मिळते, ते यामुळे.

आजही सर्रास चालणारी पत्त्यांची पद्धत, म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती, सप्टेंबर १९८१मध्ये पक्की झाली. बत्तीस बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या बत्तीस घरांचा आकडा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्या काळी ते अमाप वाटले असणार. कोणता आकडा कुणाला दिला याची नोंद बरीच वर्षं जॉन पोस्टेल हे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक ठेवत असत. वाटप ठोक होतं. मोठा तुकडा १ कोटी ६७ लाखांचा, मधला ६५,५३६चा, लहान २५६चा. अधलंमधलं माप नव्हतं. अमेरिकेतल्या एमआयटी या एका शिक्षणसंस्थेच्या वाट्याला अख्खा मोठा तुकडा आला; २०१७मध्ये त्यातला निम्मा भाग विकायला काढावा, इतका तो उरला होता. आपल्याकडे १९८६मध्ये सुरू झालेल्या एर्नेट या शैक्षणिक जाळ्याला १४४.१६नं सुरू होणारा मधल्या मापाचा तुकडा मिळाला. जो आधी आला त्यानं जास्त नेलं. यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही, त्या वेळी रांगेत दुसरं कुणी उभंच नव्हतं.

रांग वाढली तशी मलमपट्टी सुरू झाली. १९९३मध्ये ठोक मापं मोडून लागेल तेवढाच तुकडा देण्याची पद्धत आली. त्याच वर्षी आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक ही नोंदणीसंस्था टोकियोत सुरू झाली. १९९८मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला गेली. १९९६मध्ये काही आकडे 'खासगी' म्हणून कायमचे बाजूला काढले. १९२.१६८ ही त्यातलीच मालिका. दारव्ह्यात आणि डेन्मार्कमध्ये एकाच वेळी तेच आकडे चालतात, कारण ते उंबरठ्याबाहेर जातच नाहीत. बाहेरच्या कामाला घरभराचा मिळून एक पत्ता.

एवढं करूनही ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे तुकडे एपनिकसारख्या पाच खंडीय संस्थांना वाटून झाले, आणि १५ एप्रिलला एपनिक आपल्या शेवटच्या तुकड्यावर आली. त्यानंतर कडक रेशनिंग. आता दुसरी तारीख बघा. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना, जिला २०१५पासून आपण भारतनेट म्हणतो, केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली २५ ऑक्टोबर २०११ला. पत्ते संपले एप्रिलमध्ये आणि गावाला तार न्यायचं ठरलं ऑक्टोबरमध्ये. माझ्या मते नेटवाल्याच्या उत्तराचं अर्धं कारण या सहा महिन्यांत आहे.

२०१२पासून भारतात हे वाटप इरिन ही संस्था बघते. तालुक्याचा ऑपरेटर स्वतःचं लायसन्स काढून तिच्याकडे गेला, तर त्याला एपनिकच्या त्या शेवटच्या, १०३नं सुरू होणाऱ्या तुकड्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. २०१९मध्ये ही मर्यादा ५१२वर आली. पत्ते पाचशे आणि गिऱ्हाइकं काही हजार, तर करायचं काय? मग तो घराच्या राउटरवरचीच युक्ती गावाच्या पातळीवर वापरतो. अशा कामासाठीच एप्रिल २०१२मध्ये १००.६४पासूनची एक वेगळी मालिका राखून ठेवली गेली. तुमच्या राउटरला मिळालेला पत्ता शंभरनं सुरू होऊन पुढे ६४ ते १२७मधला आकडा असेल, तर तुम्हीही त्या वाड्यात आहात.

वाडाच म्हणायला हवा. शंभर बिऱ्हाडं, रस्त्यावर उघडणारं दार एक. आतून चिठ्ठी बाहेर गेली की दारावरचा माणूस तिच्यावर खूण करतो, म्हणून उत्तर बरोबर बिऱ्हाडात पोचतं. पण बाहेरून कुणी आपणहोऊन आला आणि म्हणाला, "जिनिंगचा डीव्हीआर कुठे राहतो?" तर दारावरच्याला काही माहीत नसतं. तो परत पाठवतो. कॅमेरे चालू होते, तार धड होती. मित्र रोज रात्री दारावरून परत येत होता.

आता वाटेचं.

जानेवारी १९८९मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात इंटरनेटच्या तंत्रज्ञांची बैठक होती. सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनवर एक आराखडा खरडला. तोच बीजीपी. आज कंपन्या-कंपन्यांमधली सगळी वाहतूक त्यावर चालते. त्याआधीची पद्धत असं गृहीत धरून होती की मधोमध एकच मुख्य जाळं असेल आणि बाकीचे फांद्यांसारखे त्याला लटकतील. बीजीपीनं ते सोडून दिलं. प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक, आणि प्रत्येकानं शेजाऱ्यांना दवंडी द्यायची : "अमुक पत्त्यांकडे जायचंय? वाट माझ्याकडून आहे." शेजारी ती आपल्या शेजाऱ्यांना ऐकवतो. कोणती दवंडी ऐकायची आणि कुणाला पुढे सांगायची, हे ज्याचं तो ठरवतो, आणि ठरवताना बघतो ते करार नि पैसे. त्यात किलोमीटर कुठेच येत नाहीत.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ला सुरू केलं, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत. नागपूर त्या यादीत नव्हतं. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. त्यानंतरची काही वर्षं गंमतीची होती : दोन भारतीय कंपन्यांच्या गिऱ्हाइकांमधली ईमेल अनेकदा परदेशातून फिरून यायची, कारण दोघी आपापली लाइन बाहेरच्या कंपनीकडून घेत आणि देशात एकमेकींना कुठे भेटतच नसत. हे थांबावं म्हणून २००३मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. मोठ्या शहरांत एक्स्चेंज सुरू झाली, जिथे कंपन्या एका छताखाली आपसांत डेटा बदलतात. अमेरिकेचा फेरा वाचला, मुंबईचा राहिला.

आमच्या तालुक्यात आज एकाच खांबावर दोन ऑपरेटरांच्या तारा आहेत, वीतभर अंतरानं. एकानं बँडविड्थ एका मोठ्या कंपनीकडून घेतलीय, दुसऱ्यानं दुसरीकडून. त्या दोन कंपन्या एकमेकींना भेटतात मुंबईत. तेव्हा खांबावरच्या एका तारेतून शेजारच्या तारेत जायला मुंबई गाठावी लागते. दोन शेतांच्या मधल्या पांदणीसारखी एखादी जोडणी दोघांनी मिळून टाकली तर? खर्च फारसा नाही. पण ती सांभाळायला राउटर समजणारा माणूस लागतो, आणि मुळात तालुक्यातल्या तालुक्यात डेटा जातोच किती? गिऱ्हाईक बघतो व्हिडिओ, तो येतो मोठ्या शहरातूनच. म्हणून पांदण कुणी काढत नाही.

वऱ्हाडाला ही रचना नवीन नाही. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७मध्ये नागपूरला पोचली. तिला जोडणाऱ्या फाट्यांचं मुख्य काम कापूस बंदराकडे काढणं हे होतं. गाव गावाला जोडलं गेलं तर तो वरकड फायदा. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला त्यातलीच, नॅरोगेज, कापसासाठी टाकलेली. शकुंतलेची बाजू घ्यायची तर एवढं म्हणायला हवं की ती दारव्ह्याहून यवतमाळला सरळ जायची.

दवंडीच्या पद्धतीत एक मोठी फट सुरुवातीपासून होती : दवंडी देणाऱ्याला कुणी कागद मागत नसे. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा सरकारी आदेश निघाला. पाकिस्तान टेलिकॉमनं यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांच्या तुकड्यातल्या २५६ पत्त्यांची वाट आपल्याकडून असल्याची दवंडी दिली. ती देशापुरती राहायची होती, पण हाँगकाँगच्या कंपनीमार्फत जगभर गेली. बीजीपीत जास्त नेमकी, म्हणजे लहान तुकड्याची दवंडी जिंकते. सुमारे दोन तास यूट्यूबकडे निघालेला जगभरातला डेटा पाकिस्तानकडे वळत राहिला. धुरा कोरून शेजाऱ्याचं वावर आपल्यात घेणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण इतकं मोठं वावर इतक्या कमी वेळात कुणी घेतलं नसेल. यावरचा उपाय सातबाऱ्यासारखाच आहे : अमुक पत्ते अमुक क्रमांकाच्या जाळ्यानंच जाहीर करावेत, असा डिजिटल सहीचा उतारा. त्याची चौकट २०१२मध्ये प्रसिद्ध झाली, आणि भारतातले पत्तेधारक आपला उतारा इरिनमार्फत काढू शकतात. समोरच्यानं तो तपासायचा की नाही, हे मात्र अजून समोरच्याच्याच हातात आहे.

पत्त्यांच्या टंचाईवरचा खरा उपाय, आयपीची सहावी आवृत्ती, १९९५पासून कागदावर तयार आहे. १२८ बिटांची, संपता संपणार नाही अशी. २०१६मध्ये जिओनं ती मोबाईलवर सरसकट वापरली. तेव्हापासून जिनिंगच्या गेटवर बसलेल्या चौकीदाराच्या फोनला स्वतःचा असा पत्ता असतो, आणि आतल्या हजारो रुपयांच्या डीव्हीआरला नसतो. नेटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "व्ही-सिक्स वरून येते म्हणतात, पण आपला डबा जुना हाय."

शेवटी कॅमेरे बसवणाऱ्या पोरानं डीव्हीआर कंपनीचं अ‍ॅप टाकून दिलं. त्यात डीव्हीआर आणि मोबाईल दोघंही आतून बाहेर जातात आणि कंपनीच्या सर्व्हरवर भेटतात, त्यामुळे वाड्याच्या दाराची अडचण येत नाही. मित्राला आता अंथरुणातून गंज्या दिसतात. मी पुन्हा ट्रेसरूट चालवला. तो सर्व्हर सिंगापूरला आहे.