चाल कोणाची? रॅपमधून पॉपमध्ये शिरलेल्या एका अल्बमची पार्श्वभूमी

मालवणी, संगमेश्वरी या बोलींत रॅप करणारी मुलं आता कोकण किनाऱ्यावर ठिकठिकाणी भेटतात. त्यांचं एखादं गाणं चाललं, हळदीला डीजेवर वाजायला लागलं, की दोन आक्षेप हमखास येतात. एक, हे रॅप राहिलं नाही, पॉप झालं. दुसरा, चाल उचललेली आहे. हे दोन्ही आक्षेप एकदम अंगावर घेतलेला अल्बम म्हणजे ब्लॅक आइड पीज या अमेरिकी रॅप गटाचा २००५ सालचा ‘मंकी बिझनेस’. त्याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो, म्हणून त्याची हकिगत इथे मांडायला हवी.

लॉस एंजेलिसच्या या मुलांना पहिला करार १९९२ मध्ये मिळाला, पण त्यातून तयार झालेला अल्बम बाजारात आलाच नाही. १९९८ आणि २००० च्या अल्बमांचं जाणकारांत कौतुक झालं, विक्री मात्र बेताची. चित्र पालटलं ते २००३ च्या ‘एलिफंक’पासून. एक गायिका गटात कायमची आली आणि त्यातलं एक गाणं ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. जुन्या चाहत्यांनी रॅप पातळ झाल्याचं खापर त्या गायिकेवर फोडलं. हे पटण्यासारखं नाही. गटासोबत त्याआधीही एक बाई गात होती आणि निर्मितीची सूत्रं पहिल्यापासून त्याच एका सदस्याकडे होती. बदललं ते ध्रुवपदाचं स्थान. पूर्वी कडव्यांना टेकू देणारं ध्रुवपद आता गाणं ओढू लागलं होतं.

‘मंकी बिझनेस’ अमेरिकेच्या अल्बम-विक्रीच्या यादीत दाखल झाला तोच दुसऱ्या क्रमांकावर. त्यातल्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ या पहिल्या गाजलेल्या गाण्याचा कणा दोन हिंदी चित्रपटगीतांवर उभा आहे. एक १९७२ च्या ‘अपराध’मधलं, दुसरं १९७८ च्या ‘डॉन’मधलं ‘ये मेरा दिल’. दोन्हींचे संगीतकार कल्याणजी-आनंदजी हे कच्छी बंधू आणि दोन्हींची गायिकाही एकच, आशा भोसले, जिच्या वडिलांचं गाव फोंड्याजवळचं मंगेशी. ‘मंकी बिझनेस’नंतर पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, ‘डॉन’ नव्याने निघाला आणि ते गाणं दुसऱ्या आवाजात परत आलं. त्या पिढीतल्या पुष्कळ मुलांच्या कानांत त्यामुळे क्रमच उलटा बसला: आधी इंग्रजी गाणं, मग हिंदी.

ही चोरी होती का? यावर बाहेर जेवढा गदारोळ होतो तेवढा आपल्या भजनी मंडळांत झाला नसता. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवांनी भजनाच्या गजराला कुठल्या सिनेमाची चाल लावली आहे, हे पहिल्या दोन ओळींत सगळ्या मंडपाला कळतं. चाल ओळखीची असली की मागे साथ करणारे झिलकरी ती लगेच उचलतात आणि ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं. रत्नागिरीकडे जाखडी नाचात, शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या सामन्यात हेच. गण, गवळण, मग सवाल-जबाब, आणि त्यात एखादी सिनेमाची चाल आली म्हणून कोणी शाहिराला कमी लेखत नाही. पण दुसऱ्याचं काव्य उचललं तर तो शाहीर सामन्यातून उठला. शेवटच्या कडव्यात कवीचं, गुरूचं नाव गुंफायचं ते त्यासाठीच. म्हणजे हिशेब सरळ आहे: चाल सर्वांची, शब्द ज्याचे त्याचे, आणि ते कोणाचे हे सभेत सांगायचं. समोरासमोर उभं राहून शब्दांनी भांडणाऱ्या रॅपशी याचं जे नातं आहे ते वरवरचं नाही. आपल्या मुलांना रॅप परका वाटला नाही याचं मोठं कारण मला इथेच दिसतं.

पण हा हिशेब ‘मंकी बिझनेस’ला जसाच्या तसा लागू होत नाही. बुवा चाल घेतात तेव्हा स्वतःच्या गळ्यातून ती नव्याने गातात. सॅम्पल म्हणजे ध्वनिमुद्रणाचाच तुकडा. त्यात चालीबरोबर वाजवणाऱ्यांचे हात येतात, गाणाऱ्याचा गळा येतो. ‘चाल उचलली’ एवढं म्हटलं की हे सगळे वेगवेगळे हक्क एका पोत्यात जातात. या गाण्याच्या श्रेयनामावलीत हिंदी गाण्यांचे संगीतकार बंधू आणि गीतकार, दोघांचीही नावं आहेत, आणि अमेरिकेतल्या एका हक्कसंस्थेनं मूळ चालीसाठी या संगीतकारांचा सन्मानही केला. ही बाजू आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. गायिकेचा मात्र रचनेच्या हक्कात वाटा नसतो. ती गाणी गायली गेली तेव्हा भारतात कलावंताच्या सादरीकरणाला कायद्यात वेगळा हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनं आला आणि रॉयल्टीचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनं. ज्या गळ्यानं ते गाणं घराघरांत नेलं त्याच्यासाठी हे फार उशिरा झालं.

२००६ मध्ये ‘मंकी बिझनेस’मधल्या या गाण्याला ग्रॅमी मिळालं, तेही द्वयी किंवा गटाच्या रॅप सादरीकरणासाठी. पॉप झालं म्हणून ज्याला नाकारलं, त्याला मान मिळाला तो रॅपच्या रकान्यात. २००९ च्या अल्बमनं तर हा वादच मागे टाकला. त्यातली दोन गाणी लागोपाठ मिळून २६ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती, आणि तोवर त्यांचं संगीत नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळलेलं होतं.

इकडे त्याच काळात नियम बदलले. १९५७ च्या कायद्यात एक सोय होती: मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की सूचना देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या आवाजात काढता येई. कॅसेटच्या जमान्यातली आणि पुढच्या रीमिक्सच्या लाटेतली कितीतरी गाणी याच वाटेनं आली. २०१२ मध्ये ही मुदत पाच वर्षांवर गेली आणि मूळ गाण्यात फेरफार करण्यावर बंधनं घट्ट झाली. हौशी मंडळानं फुकट ऐकायला बसलेल्या लोकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे, म्हणून गणपतीत वाडीतलं भजन बिनघोर चालतं. तोच गजर मोबाइलवर टिपून इंटरनेटवर चढवला की ती सूट पुरत नाही. संगीत कंपनीनं दावा लावला तर त्या व्हिडिओचं उत्पन्न तिच्याकडे वळू शकतं, शब्द बुवांचे असले तरी. मालवणीत रॅप करणाऱ्या मुलांचाही मुक्काम आज इंटरनेटवरच आहे, आणि चालीची परवानगी कोणाकडे मागायची हे त्यांना सांगणारं गावात कोणी नाही.