घोड्याखालचं अंथरूण कोरडं ठेवायचं कसं?

घोड्याखाली अंथरायच्या लाकडी भुशाच्या गोण्या पोचवायला गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते, "कालच नवीन टाकलाय, तरी वास जात नाही." मग आम्ही तिथेच बसून भुसा हाताने बाजूला करतो. वरचा थर पिवळाधमक असतो. चार बोटं खाली तो तपकिरी होतो, आणि फरशीला टेकलेला थर काळा, चिखलासारखा लिबलिबीत निघतो. म्हणजे तबेला साफ झालेला नसतो, जुन्या ओलीवर नवं पांघरूण पडलेलं असतं.

साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला 15 किलोच्या आसपास लीद टाकतो आणि 9 ते 10 लिटर मुततो. लीद दिसते म्हणून उचलली जाते. मूत मात्र खाली उतरतं आणि तिथेच राहतं. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि डोळे चुरचुरतात ते त्यानेच. आपण उभ्याने आत डोकावतो तेव्हा वास फारसा जाणवत नाही. पण घोडा आडवा होतो तेव्हा त्याचं नाक फरशीपासून वीतभर अंतरावर असतं, आणि शिंगराचं तर बराच वेळ. म्हणून तपासायचं असेल तर उकिडवे बसा, तोंड भुशाजवळ न्या आणि दोन-तीन श्वास घ्या. नाकात झोंबलं तर घोड्याच्या फुप्फुसात रात्रभर तेच जातंय. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज अर्धा-पाऊण तास तरी आडवं व्हावंच लागतं. ओल्या जागेवर तो बसायचंच टाळतो.

सकाळी घोडा फेरीला किंवा खराऱ्याला बाहेर काढला की आधी दाताळ्याने लीद उचला. मग कोरडा भुसा भिंतींकडे लोटा आणि मधली ओली जागा फावड्याने थेट फरशीपर्यंत खरवडा. बहुतेक घोडे ठरावीक जागीच मुततात, त्यामुळे दोन दिवसांत ती जागा मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, पाठ होते. आता सर्वांत महत्त्वाचं: लगेच नवा भुसा टाकू नका. दार-खिडकी उघडी ठेवून फरशीला तास-दोन तास वारा लागू द्या. कामाच्या घाईत नेमकं हेच राहून जातं, आणि मग कितीही गोण्या ओतल्या तरी पैसे पाण्यात जातात. असं रोज केलंत तर आमचा माल तुम्हाला कमी लागेल. आमची त्याला काहीच हरकत नाही.

संध्याकाळी चंदी (दाणा) देताना पुन्हा एकदा फक्त लीद उचलली तरी पुरे. आठवड्यातून एकदा सगळं बाहेर काढून कोबा किंवा शहाबादी फरशी खराट्याने घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. फरशीला मोरीकडे उतार नसेल तर आधी तो करून घ्या.

वासावर उपाय म्हणून चुना मारायची सवय बऱ्याच जणांना आहे. कळीचा किंवा विरवलेला चुना अंथरुणाखाली टाकू नका. त्याने खूर आणि कातडी भाजते, आणि ओलीत चुना मिसळला की अमोनिया उलट जास्त सुटतो. फिनेल वापरलंत तर फरशी भरपूर पाण्याने धुऊन, वाळल्यावरच घोडा आत घ्या.

12 बाय 12 फुटांच्या खोलीत सहा इंचांचा थर द्यायला 72 घनफूट भुसा लागतो. भिंतीकडेला थोडा जास्त चढवून ठेवा, म्हणजे लोळताना घोडा भिंतीशी अडकत नाही. रंधा मारताना निघणाऱ्या पातळ साली सगळ्यांत चांगल्या. करवतीचा बारीक भुसा धूळ करतो आणि घोडा खोकायला लागतो. भाताचा पेंढा स्वस्त पडतो, पण भुकेला घोडा तो खातो. तूस ओल फारशी शोषत नाही. उसाचं ओलं भुसकट तर नकोच, ते आंबतं आणि बुरशी धरतं. आमच्या एका खेपेत एकदा फर्निचरच्या कारखान्यातला प्लायचा भुसा आणि दोन-तीन चुका (बारीक खिळे) मिसळून आल्या होत्या. एका ग्राहकाच्या मोतद्दाराने ते वेळीच पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक गोणी चाळून, लोहचुंबक फिरवूनच भरतो. तरीही गोणी ओतताना तुम्हीही एकदा हात फिरवा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथल्या घोडेवाल्यांना आम्ही सांगतो की गोण्या भिंतीला टेकवू नका, फळ्यांवर रचा. मूठभर भुसा घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर तो अंथरण्याजोगा नाही. कुबट वास आला तर तो माल वापरू नका, आम्ही बदलून देऊ. या दिवसांत खूर रोज दोनदा कोरून पाहा. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचेत काळी, घाण वासाची घाण दिसली तर अंथरूण ओलं राहतंय हे नक्की. अशा वेळी नालबंदाला किंवा डॉक्टरांना लगेच दाखवा.

माश्यांचं मूळही हेच. तबेल्यातली चावरी माशी मुताने भिजलेल्या कुजक्या पेंढ्यात आणि लिदीत अंडी घालते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत तिची नवी पिढी उडू लागते. सर्रा हा घोड्यांचा तापाचा आजार पसरवणाऱ्या माश्यांत तीही आहे. घोडेवाले ज्यांना बरसाती म्हणतात, त्या पावसात चिघळणाऱ्या जखमांतल्या जंताची पिल्लंही माश्याच आणून सोडतात. म्हणून उकिरडा तबेल्यापासून लांब, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून करा. ढीग पसरट ठेवू नका, उंच रचून झाका. आत 50-60 अंशांपर्यंत उष्णता चढली की अळ्या आणि जंतांची अंडी मरतात. असं मुरलेलं खत रोपवाटिकावाले आनंदाने नेतात. लीद उचलणाऱ्याला धनुर्वाताची लस दिलेली असावी, हातापायाला जखम असेल तर जास्तच काळजी घ्यावी.

पहिल्या मागणीच्या वेळी आमचा माणूस तबेल्यात येऊन खोलीचं माप घेतो, फरशीचा उतार पाहतो आणि मोतद्दाराबरोबर एकदा संपूर्ण सफाई करून दाखवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त सकाळी घोडा बाहेर काढायच्या वेळेलाच बोलवा.